स्वतःचा भार

काही वर्षांपूर्वीपर्यंत बंगळूरच्या शिवाजीनगर भागातील रसेल मार्केटमध्ये चिनी सफरचंदे विकावयास असत. एकसारख्या आकाराची, पांढऱ्या मऊ जाळीत गुंडाळलेली ती फळे मी अनेकदा घरी नेली आहेत. २०१७ साली आपल्या सरकारने चीनमधून होणारी सफरचंदांची आयात थांबविली आणि ती बाजारातून नाहीशी झाली. चीनमध्ये सफरचंदासाठी ज्या गावाचे नाव सर्वप्रथम घेतात ते म्हणजे शांडोंग प्रांतातील यानताई हे बंदर. तेथील आजच्या बागायतीचा उगम एका प्रेस्बिटेरियन मिशनऱ्याच्या बागेत आहे, हे मला फार उशिरा कळले. त्याचे नाव जॉन लिव्हिंगस्टन नेव्हियस. १८७१ साली तो यानताई येथे स्थायिक झाला. परदेशी लोक त्या काळी या गावास चीफू म्हणत. त्याने अमेरिकेतून सफरचंद, नासपती इत्यादी फळांची रोपे व काड्या आणविल्या, त्यांची कलमे केली आणि ती आसपासच्या शेतकऱ्यांना दिली. शेतकऱ्यांनी ती आपल्या बांधावर लावली व त्यांपासून स्वतः पुढची कलमे केली. मिशनऱ्याची बाग कधीच मागे पडली, झाडे मात्र त्या मातीची झाली.

याच मनुष्याने ख्रिस्ती मंडळीविषयी एक प्रश्न विचारला. आपण एखाद्याला जे साहाय्य करतो त्याने तो उभा राहतो, की आपल्या खांद्यावर कायमचा रेलून बसतो? चीनमधील खेड्यांत हिंडताना त्याच्या मनात उभा राहिलेला हा प्रश्न मला बंगळूरमध्ये बसून, माझ्याच गावाच्या संदर्भात, एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडून ऐकावा लागला. ती हकीकत पुढे येईलच. आधी या मिशनऱ्याची ओळख करून घेऊ.

नेव्हियसचा जन्म ४ मार्च १८२९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील एका शेतकरी वस्तीत झाला. प्रिन्स्टन येथे ईश्वरविज्ञानाचे शिक्षण घेऊन, १८५३ मध्ये हेलन कोन हिच्याशी विवाह झाल्यावर, तो अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळीच्या परदेशीय मिशन बोर्डातर्फे चीनला निघाला आणि १८५४ मध्ये निंगपो येथे पोहोचला. १८६१ मध्ये तो शांडोंग प्रांतात गेला. पुढे मधला काही काळ वगळता १९ ऑक्टोबर १८९३ रोजी यानताई येथे मृत्यू येईपर्यंत तोच प्रांत त्याचे कार्यक्षेत्र होता. शांडोंगमधील धुळीच्या रस्त्यांवरून एकचाकी ढकलगाडीतून तो खेडोपाडी जाई. वर्षातून दोनदा तो प्रत्येक ठिकाणच्या विश्वासणाऱ्यांना भेटत असे. अशी सुमारे ६० ठिकाणे त्याच्या देखरेखीखाली होती.

मराठी वाचकांस हा मिशनरी अगदीच परका नाही. ज्या बोर्डाने त्याला चीनला धाडले त्याच बोर्डाने १८७० मध्ये कोल्हापूरचे मिशन आपल्याकडे घेतले. रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये तेथे कार्यास आरंभ केला होता. कोल्हापुरातच १८६३ साली जन्मलेला त्यांचा पुत्र रॉबर्ट वाइल्डर याने १८८६ मध्ये अमेरिकेतील माउंट हर्मन येथे विद्यार्थ्यांना मिशनकार्यासाठी हाक दिली; शंभर तरुणांनी होकार दिला. त्या चळवळीतून पुढे कितीतरी जण चीनला गेले. मिरजेस डॉ. वान्लेस आले तेही याच बोर्डाकडून. म्हणजे कोल्हापूर-मिरज येथील आपल्या मंडळ्या आणि शांडोंगमधील त्या मंडळ्या एकाच घरच्या लेकी म्हणावयास हरकत नाही.

नेव्हियस चीनमध्ये पोहोचला तेव्हा मिशनकार्याची एक रीत सर्वत्र रूढ होती. एखादा मनुष्य ख्रिस्ती झाला आणि तो थोडा चुणचुणीत असला, की मिशनरी त्याला पगारावर उपदेशक नेमीत. प्रार्थनास्थान मिशन बांधून देई, भाडे मिशन भरी, शिक्षकाचा पगार मिशन देई. नेव्हियसने प्रथम स्वतःही हीच रीत चालविली. परंतु हळूहळू त्याला तिचे दुष्परिणाम दिसू लागले. काल जो मनुष्य आपल्या गावात शेती करून शेजाऱ्यांना ख्रिस्ताविषयी सांगत होता, तो आज पगारदार झाला. शेजारी म्हणू लागले, हा बोलतो ते पैशासाठी. ज्यांना पगार मिळाला नाही त्यांच्या मनात अढी बसली. आपण फुकट का बोलावे, असे त्यांना वाटू लागले. शिवाय खरा विश्वासणारा कोणता आणि नोकरीच्या आशेने आलेला कोणता, हे ओळखण्याचा मार्ग मिशनऱ्याजवळ उरला नाही.

म्हणून १८८५ च्या सुमारास त्याने शांघायहून निघणाऱ्या मिशनरी मासिकात लेखमाला लिहून निराळी रीत मांडली. तिचा पाया करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायातील पौलाच्या शिकवणीत आहे: देवाने ज्याला ज्या स्थितीत बोलाविले त्याने त्याच स्थितीत राहावे. शेतकऱ्याने शेतकरी, विणकराने विणकर राहून साक्ष द्यावी. प्रत्येक ठिकाणचा पुढारी त्याच गावचा, बिनपगारी असावा. उपासना घरात भरावी. प्रार्थनामंदिर हवे असेल तर ते गावच्या ख्रिस्ती जनांनी आपल्या ऐपतीप्रमाणे, आपल्या पद्धतीचे बांधावे. मिशनऱ्याने पैसा न देता शिक्षण द्यावे. पुढाऱ्यांना काही आठवडे एकत्र जमवून पवित्र शास्त्र शिकवावे आणि पुन्हा आपापल्या गावी धाडावे. पगारी मदतनीस त्याने अजिबात ठेवले नाहीत असे नव्हे. परंतु ते मोजके होते आणि त्यांचे काम अनेक गावांवर फिरून लक्ष ठेवण्याचे होते.

मंडळी स्वावलंबी, स्वशासित व स्वप्रसारक असावी, हा विचार नेव्हियसच्याही आधीचा आहे. लंडनमध्ये हेन्री व्हेन आणि बॉस्टनमध्ये रूफस अँडरसन यांनी तो मांडला होता. हे अँडरसन १८५४-५५ मध्ये मुंबई-अहमदनगर भागात येऊन अमेरिकन मराठी मिशनची पाहणी करून गेले, आणि देशी पाळकांच्या हाती मंडळ्या सोपवाव्यात असा त्यांचा आग्रह होता. नेव्हियसचे वैशिष्ट्य असे की त्याने हा विचार समितीच्या ठरावातून बाहेर काढून खेड्यातील ओसरीवर आणला.

आता भुकेचा प्रश्न घेऊ, कारण त्याच्याशिवाय ही चर्चा पोकळ होईल. १८७६ ते १८७९ या काळात उत्तर चीनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्याच सुमारास, १८७६ ते १८७८ मध्ये, आपल्या दख्खनमध्येही पाऊस फिरला होता. सोलापूर-अहमदनगर भागातील माणसे पाने-मुळे खाऊन दिवस काढीत होती. नेव्हियस त्या वेळी शांडोंगच्या अंतर्भागात जाऊन राहिला आणि गावोगावच्या उपाशी माणसांच्या याद्या करून मदत वाटू लागला. पगारी साक्षीला विरोध करणारा हा मनुष्य भाकरीला विरोध करणारा नव्हता, हे आपण नीट लक्षात घ्यावे. उपाशी मनुष्यासमोर स्वावलंबनाचे प्रवचन करणे हे पाप आहे. याकोबाच्या पत्रात उघड्या व भुकेल्या भावाला केवळ गोड शब्द देऊन वाटेस लावणाऱ्याचा जो निषेध आहे, तो अशाच मनुष्याला लागू पडतो.

मराठी ख्रिस्ती समाजाने "पोटासाठी धर्म सोडला" हा टोमणा पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. माझे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्या वडिलांनी दुष्काळात मिशनच्या आवारातील भाकर खाल्ली होती, आणि ही गोष्ट आमच्या घरी कोणी लपवीत नसे. मला लहानपणी तिची लाज वाटे. आज वाटत नाही. भुकेल्याने भाकर घेतली यात त्याचा कमीपणा कोणता? ज्या गावाने त्याला विहिरीवर पाणी भरू दिले नाही, त्या गावाने त्याच्या भाकरीचा हिशेब विचारावा, यातच काय तो कमीपणा आहे. परंतु नेव्हियस वाचल्यावर मला एक भेद स्पष्ट झाला. भुकेला दिलेली भाकर निराळी आणि विश्वासाला दिलेला पगार निराळा. पहिली मनुष्याला जगविते. दुसऱ्याने त्याच्या तोंडातील सत्य शब्दाचेही मोल कमी होते, तो शब्द कितीही प्रामाणिक असला तरी.

हे आपल्याकडे कोणाच्या ध्यानी आले नव्हते असे मुळीच नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण डोळ्यांसमोर आणा. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि अनेक वर्षे त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये सेवा केली. १९१७ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, प्रकृती खालावलेली असताना त्यांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभा केला. मिशनरी मंडळींशी त्यांचा स्नेह तुटला नव्हता. परंतु ख्रिस्त या भूमीचा व्हावयाचा तर त्याच्या सेवकाचा आधारही याच भूमीत असला पाहिजे, ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते मुंबईत वारले. दरबार फार काळ टिकला नाही. तरीही त्यांचे ते पाऊल व्यर्थ गेले असे मला म्हणवत नाही.

आता माझी हकीकत. नोकरीनिमित्त मी बंगळूरला आलो त्यास तीसहून अधिक वर्षे झाली. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या गावी एक लहानसे प्रार्थनामंदिर आहे. पंचवीस-तीस घरांची मंडळी आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही येथील चार-पाच मराठी कुटुंबांनी ठरविले की गावच्या मंडळीसाठी एक सेवक नेमावा आणि त्याचे मानधन आपण दरमहा पाठवावे. हेतू शुद्ध होता. पैसे नियमित जाऊ लागले. एक तरुण सेवक नेमला गेला. तो मनापासून काम करीत होता व आजही करतो. छपरावर नवे पत्रे आले. आम्ही येथे बसून देवाचे आभार मानीत होतो.

तीन वर्षांनी मी सुगीच्या उपासनेसाठी गावी गेलो. माझ्या लहानपणी त्या दिवशी वेदीसमोर ज्वारी-बाजरीच्या राशी लागत. कोणी पायलीभर, कोणी पोतेभर, कोणी कोंबडी, कोणी दोन भोपळे घेऊन येई. मग त्यांचा लिलाव होई, आणि त्या पैशावर मंडळीचे वर्ष निघे. या वेळी वेदीसमोर दोनच पिशव्या होत्या. मी एका गृहस्थांना विचारले, तर ते सहज म्हणाले, "आता गरज काय? बंगळूरहून येतात की पैसे!" त्यांच्या स्वरात उपरोध नव्हता. संध्याकाळी आमच्या आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्ही पैसं धाडता, लई चांगलं करता. पर आता आमच्या पायलीला कोन इचारतंय?"

वाचक हो, त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्ही गावाला काहीतरी दिले असे समजत होतो. प्रत्यक्षात आम्ही त्या म्हातारीच्या हातातील पायली काढून घेतली होती. मंदिरात दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेकडे प्रभूने शिष्यांचे लक्ष वेधले. समजा, त्याच वेळी एखादा उदार श्रीमंत पुढे आला असता आणि म्हणाला असता, "बाई, तू राहू दे, तुझे मी भरतो," तर? त्या गृहस्थाला लोकांनी धन्य म्हटले असते. विधवा मात्र त्या दिवशी देवासमोर रिकाम्या हाताने उभी राहिली असती.

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल प्रथम सांगतो की विश्वासणाऱ्यांनी परस्परांच्या ओझ्यांना खांदा द्यावा. आणि पुढे तीनच वचनांनंतर म्हणतो की ज्याचा भार त्यानेच वाहिला पाहिजे. वरवर पाहता ही विसंगती वाटते. परंतु मूळ ग्रीकमध्ये येथे दोन निरनिराळे शब्द आहेत. पहिला 'बारोस', म्हणजे मनुष्याला चिरडून टाकणारे जड ओझे. दुसरा 'फोर्तिओन', म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याचा भार, वाटसरूने आपल्या पाठीवर घ्यावयाचे गाठोडे. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू आपला भार हलका आहे असे सांगतो तेथे हाच दुसरा शब्द आहे. दुष्काळ, आजार, अन्याय हे बारोस. त्यांना हात न लावणारा ख्रिस्ती नव्हेच. आत्याबाईंची पायली हे फोर्तिओन. ते कोणी कितीही प्रेमाने काढून घेतले तरी ती चोरीच होय.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. नेव्हियसच्या हयातीतच त्याच्या रीतीला त्याच्याच मिशनमधून विरोध झाला. कॅल्व्हिन मटीर हा त्याचा सहकारी. तेंगचौ येथे १८६४ मध्ये त्याने लहानशी शाळा काढली आणि तिच्यातून पुढे महाविद्यालय उभे केले. १९०० मध्ये त्याने नेव्हियसच्या रीतीचे परीक्षण लिहून प्रसिद्ध केले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: अल्पशिक्षित, बिनपगारी पुढाऱ्यांवर सोपविलेल्या मंडळ्या पुढे खचतात, सुशिक्षित सेवक हवे असतील तर त्यांच्या शिक्षणाचा आणि उदरनिर्वाहाचा भार कोणीतरी उचलला पाहिजे. हा आक्षेप पोकळ नाही. सुवार्तेची सेवा करणाऱ्याचा निर्वाह त्या सेवेवर व्हावा, हा हक्क पौलानेही मान्य केला आहे. त्याने तो स्वतःपुरता वापरला नाही, एवढेच. परदेशी पैशाने उभ्या राहिलेल्या मिरजेच्या रुग्णालयाने सर्व जातिधर्मांच्या लाखो माणसांचे प्राण वाचविले. त्याला कुबडी कोण म्हणेल? आणि बंगळूरच्या घरात पंख्याखाली बसून भूमिहीन मजुरांच्या मंडळीला "स्वावलंबी व्हा" असे सांगणे किती सोपे आहे! १९५० च्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळले. १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना त्यांत घेतले गेले, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. ज्याच्या पाठीवर समाजाने बारोस लादले आहे त्याला केवळ फोर्तिओनचा उपदेश करणे हा ढोंगीपणा होईल.

तेव्हा साहाय्य करावे की करू नये, हा वाद येथे नाहीच. साहाय्य योग्य झाले हे ओळखावयाचे कशावरून, एवढाच खरा प्रश्न आहे. मला याचे उत्तर नेव्हियसच्या आयुष्याच्या अखेरच्या पर्वात आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या घटनांत सापडले.

१८९० मध्ये कोरियातील तरुण प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी त्याला सेऊल येथे बोलाविले. हे मिशन अगदी नवे होते. होरेस अंडरवूड तेथे पोहोचून जेमतेम पाच वर्षे झाली होती. नेव्हियस सुमारे दोन आठवडे त्यांच्यात राहिला, आपली रीत त्याने समजावून सांगितली आणि तो परतला. शांडोंगमध्ये जी रीत वादात अडकली ती कोरियातील मिशनने आपला नियम म्हणून स्वीकारली. १९०७ मध्ये तेथे स्वतंत्र प्रेस्बिटरी स्थापन झाली आणि पहिल्या सात कोरियन पाळकांची दीक्षा झाली. १९१२ मध्ये महासभा भरली. तोवर कोरिया जपानच्या अमलाखाली गेला होता; देश गरीब आणि पराधीन होता. तरी त्या पहिल्याच महासभेने परदेशी मिशनरी पाठविण्याचा निर्णय घेतला, आणि १९१३ मध्ये तीन कोरियन पाळक निघाले. ते कोठे गेले? चीनमध्ये, शांडोंग प्रांतात! ज्या मातीतून त्यांना ती शिकवण मिळाली तेथेच ते सुवार्ता घेऊन गेले.

माझ्या मते साहाय्याची कसोटी हीच. ज्याला आपण मदत केली तो आपल्यावाचून चालू लागला, एवढ्याने ती पुरी होत नाही. तो स्वतः देणारा झाला का, हे पाहावे. मासेदोनियातील मंडळ्या अत्यंत गरिबीत असूनही यरुशलेमच्या बांधवांसाठी वर्गणी देण्यास उत्सुक होत्या, हे पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात मोठ्या अभिमानाने लिहितो. गरीब आहात म्हणून तुम्ही देऊ नका, असे त्याने त्यांना म्हटले नाही. देण्याचा मान त्याने त्यांच्यापासून हिरावला नाही.

चीनमधील मंडळीची कथा याच प्रश्नाची आणखी एक बाजू दाखविते. १९४९ नंतर काही वर्षांतच परदेशी मिशनऱ्यांना तो देश सोडावा लागला. 'तीन स्व' हे व्हेन-अँडरसन यांचे शब्द पुढे राज्यसत्तेच्या छायेखालील चळवळीचे नाव झाले. अनेक विश्वासणारे तिच्याबाहेर राहून घराघरांत उपासना करीत राहिले. परदेशी पैशाच्या आधारातून सुटलेली मंडळी दुसऱ्या कोणाच्या मुठीत जाऊ शकते, हा धडा त्यातून घ्यावा. १९६६ नंतर तर सर्वच चर्चेसचे दरवाजे बंद झाले; १९७९ पासून ते पुन्हा उघडू लागले. पाहतात तो विश्वास जिवंत होता, नव्हे, वाढला होता. पगार नाही, इमारत नाही, मिशन नाही. तरी आजी नातवाला प्रार्थना शिकवीतच होती. पुढे नानजिंग येथे अमिटी मुद्रणालय उभे राहिले ते मात्र जगभरच्या बायबल सोसायट्यांच्या साहाय्याने. देशासाठी व परदेशांसाठी मिळून २०१९ पर्यंत तेथे २० कोटी बायबलप्रती छापल्या गेल्या. स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या मंडळीने मित्राचा हात धरण्यात काही उणेपणा मानला नाही. १९१० मध्ये एडिंबरो येथील परिषदेत आपल्या अझरायांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांकडे हेच मागितले होते; त्याग आणि दानधर्म पुष्कळ झाला, आता बरोबरीची मैत्री हवी, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

बंगळूरमध्ये राहणाऱ्या मला हा विषय अधिक बोचतो, कारण हे शहर आता घेणाऱ्यांचे राहिलेले नसून देणाऱ्यांचे आहे. कब्बन रोडवरचे सेंट अँड्र्यूज चर्च १८६६ मध्ये स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांसाठी बांधले गेले. आज ती दक्षिण भारतीय मंडळीची उपासनेची जागा आहे. १९१० मध्ये सुरू झालेल्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधून देशभरचे पाळक तयार होतात. १९६५ मध्ये थिओडोर विल्यम्स यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या इंडियन इव्हँजेलिकल मिशनचे मुख्य कार्यालय याच शहरात आहे. भारतीय विश्वासणाऱ्यांच्या दानावर भारतीय मिशनरी पाठवावेत, हे त्या संस्थेचे तत्त्व आहे. एकेकाळी न्यूयॉर्क आणि बॉस्टन ज्या जागी होते त्या जागी आज बंगळूर, चेन्नई, मुंबई, पुणे येथील आपण सुस्थितीतील ख्रिस्ती लोक येऊन बसलो आहोत. त्यांच्या चुकांवर आपण परिसंवादांत टीका करतो, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आपल्या गावी त्याच चुका बँकेमार्फत पाठवितो.

मी गावाहून परतल्यावर आम्ही कुटुंबे एकत्र बसलो. एकाने सुचविले की मदत तत्काळ बंद करावी. परंतु हेही दुसरे पापच झाले असते. सेवकाला दोन मुले आहेत. त्याने आमच्या शब्दावर विसंबून हातची नोकरी सोडली होती. शेवटी गावच्या पंचांना पत्र लिहून आम्ही आमची चूक कबूल केली आणि विनंती केली की मानधनाचा पहिला वाटा मंडळीने उचलावा, उरलेला आम्ही देऊ. दर वर्षी त्यांचा वाटा वाढेल, आमचा घटेल. आजारपण, मुलांचे शिक्षण, दुष्काळ यांसाठी मात्र आम्ही पूर्वीप्रमाणेच, किंबहुना अधिक, हात देऊ. पत्र वाचून गावात काही जण रागावले. "शहरात जाऊन शहाणे झाले," असेही कोणी म्हणाले. त्यांचा राग मला समजतो. चूक आम्ही केली आणि कष्ट त्यांना पडत आहेत. आज सुमारे निम्मा भार मंडळी उचलते. पुढे काय होईल ते देव जाणे. नेव्हियसच्याही काही मंडळ्या पुढे टिकल्या नाहीत, हे मी विसरलेलो नाही.

वाचक हो, आपणही कोठेतरी देत असाल: गावच्या मंडळीला, एखाद्या संस्थेला, गरीब आप्ताला, किंवा कदाचित आपल्याच प्रौढ मुलाला. ते थांबवा असे मी म्हणणार नाही. फक्त पुढच्या वेळी देण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतःला विचारा: मी याच्या पाठीवरचे चिरडणारे ओझे उचलतो आहे, की त्याच्या हातातील पायली काढून घेतो आहे? माझ्या देण्याने त्याची साक्ष अधिक मोकळी होईल, की बांधली जाईल? आणि एक दिवस तो मला किंवा आणखी कोणाला काही देऊ लागला, तर ते घेण्याची माझी तयारी आहे काय? हा शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण आहे, असा माझा अनुभव आहे.

गेल्या सुगीला मला गावी जाता आले नाही. गावाहून येणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर आत्याबाईंनी एक पिशवी पाठविली. आत ज्वारी होती, आणि निरोप होता: मंडळीची पायली वेदीपुढं ठेवली, ही तुमच्या बंगळूरच्या मंडळीसाठी. पुढच्या रविवारी ती आम्ही आमच्या उपासनेत अर्पण म्हणून ठेवली. तिच्यापुढे प्रार्थना करताना आमच्यातील कोणालाही आपण दाते आहोत असे वाटले नाही.